एक डोंगर, बारा महिने: सह्याद्री जलरंगात रंगवायला शिकताना

डोंगर रंगवायला शिकायचं असेल तर एकच डोंगर धरा आणि वर्षभर तोच रंगवा. आज राजगड, पुढच्या रविवारी माळशेज, सप्टेंबरात कास, असं केलंत तर भटकंती झकास होईल, पण दर वेळी नव्या आकाराशी झटापट करण्यातच सकाळ संपेल. रंगाकडे बघायला वेळच उरणार नाही. डोंगर तोच राहिला की पावसानं, उन्हानं, गवतानं त्याचं काय केलं ते हळूहळू दिसायला लागतं. मी स्वतः पाच-सहा वर्षं उलटं करत होतो. घरात चित्रांचा ढीग साठला, आणि ऋतू कुठलाही असो, सगळ्यांतला हिरवा एकच.

उदाहरणासाठी मी माझाच डोंगर घेतो: मळवलीहून दिसणारा विसापूर आणि त्याच्या शेजारचा लोहगड. तुमचा वेगळा असेल. पद्धत तीच.

जागा ठरवणं

पुणे-लोणावळा लोकलनं मळवलीला उतरायचं, भाजे गावाचा रस्ता धरायचा, एक्स्प्रेसवेवरचा पूल ओलांडायचा. समोर डोंगर मोकळा होतो. डावीकडे विसापूरचं लांबलचक सपाट डोकं, उजवीकडे लोहगड, दोघांच्या मधे खिंड, पायाशी भाताची खाचरं. बांधावर एक आंबा आहे, तिथं माझी बैठक.

जागा निवडताना तीन गोष्टी बघा. एक, घरून दोन तासांत पोचता यायला हवं, कारण वर्षातून किमान बारा वेळा यायचंय. दोन, तिथं जुलैतही बसता यायला हवं. मेमध्ये खाचरात मस्त बैठक जमते, पण जुलैत तिथं गुडघाभर चिखल असतो आणि शेतकऱ्याची लावणी चालू असते. तेव्हा बांध, रस्त्याची कड, देवळाचा ओटा असलं काहीतरी बघा. तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात: आपलं तोंड कुठल्या दिशेला आहे?

मळवलीकडून आपण दक्षिणेला बघतो, म्हणजे डोंगराची उत्तर बाजू आपल्यासमोर असते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून फिरतो. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी तो क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर येतो. त्यामुळे नोव्हेंबर ते जानेवारी समोरचा कडा दिवसभर सावलीत, निळसर करडा. मे-जूनमध्ये सूर्य पूर्वेपेक्षा बराच उत्तरेला सरकून उगवतो आणि तोच कडा सकाळी चक्क उजळतो, एकेक कपार मोजून घ्यावी इतका. वाईतून पांडवगड बघाल तर मामला उलटा: दक्षिण बाजू समोर, हिवाळाभर ऊन. हे आधी माहीत नसलं की माणूस डिसेंबरात कड्यावर उन्हाचा पिवळा शोधत बसतो. मी बसलोय.

सामान

यावर फार वेळ घालवू नका. कागद मात्र चांगला घ्या: ३०० जीएसएमचा, खरखरीत पोताचा, कोल्ड प्रेस्ड. पातळ ड्रॉइंग पेपरवर दुसरा वॉश, म्हणजे भरपूर पाण्यात कालवलेल्या रंगाचा पातळ थर, टाकला की कागद पापडासारखा फुगतो, आणि नवखा माणूस समजतो की आपल्यालाच जमत नाहीये. आकार ११×१५ इंच किंवा त्याचाही अर्धा. चारही कडा टेपनं बोर्डावर चिकटवा.

ब्रश तीन पुरे: १२ नंबरचा गोल, ६ नंबरचा गोल आणि एक इंची चपटा. रंग सहा: लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, अ‍ॅलिझरीन क्रिमसन, सेरुलियन ब्लू आणि अल्ट्रामरीन ब्लू. कॅमलिनच्या ट्यूबांवर सुरुवात खुशाल करा. डब्यात आलेला तयार हिरवा आणि काळा मात्र घरीच ठेवा. का ते पुढे येईलच. पाण्याची भांडी दोन, एक ब्रश धुवायला आणि एक स्वच्छ. शिवाय जुन्या सुती कापडाचा तुकडा, टिश्यू पेपरपेक्षा तो बरा.

आधी सांगाडा

शाळेत काढलेले दोन त्रिकोण आणि मधून उगवणारा सूर्य विसरा. सह्याद्रीतले बरेचसे डोंगर टोकदार नाहीत. विसापूरला तर टोक नाहीच, पठार आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हाचे प्रवाह एकावर एक पसरत गेले आणि त्यांचे आडवे थर झाले. काही थर टणक, काही ठिसूळ. टणक थराचा उभा कडा उरतो, ठिसूळ थर झिजून त्याचा उतार होतो. भूगर्भशास्त्रज्ञ याला डेक्कन ट्रॅप म्हणतात, आणि त्यातला ‘ट्रॅप’ हा शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्यासाठीच्या शब्दावरून आलाय. चित्र काढणाऱ्याला एवढं पुरतं: डोंगर म्हणजे जिना. कडा, उतार, कडा, उतार.

पेन्सिलनं काढताना आधी माथ्याची आडवी रेष, मग कड्यांचे पट्टे, शेवटी उतार. कडा गवत धरत नाही, तो बाराही महिने जवळपास तसाच राहतो. ऋतू बदलतो तो उतारांवर. हा फरक हातात बसला की अर्धं काम झालं.

पहिल्या फेरीत रंग उघडूच नका. दोन तास घालवून एक नीट रेखाटन करा आणि घरी येऊन ते ट्रेसिंग पेपरवर उतरवून घ्या. पुढं दर महिन्याला ट्रेसिंगच्या मागच्या बाजूला पेन्सिल घासायची, ते कागदावर ठेवायचं, वरून रेषा गिरवायच्या. दहा मिनिटांत डोंगर तयार. काहींना ही लबाडी वाटते. वाटू दे. आपण वर्षभर रंग आणि उजेड शिकणार आहोत, रेषेचा सराव वेगळा करता येतो.

रंगाआधी तीन टोन

डोळे बारीक करून बघा. तपशील पुसट होतात आणि तीनच ठोकळे उरतात: उजळ, मधला, गडद. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मऊ पेन्सिलनं हे तीन टोन पाच मिनिटांत भरा. आकाश उजळ, डोंगर मधला, पुढचं झाड गडद, अशी मांडणी बहुतेक वेळा निघते. पण जुलैत ढगामागचा डोंगर आकाशाइतकाच फिका असतो, आणि ऑक्टोबरात संध्याकाळी खाचरं आकाशापेक्षाही उजळ दिसतात. टोन चुकला तर कितीही सुंदर रंग लावा, ऋतू उतरत नाही. टोन बरोबर असला तर रंग थोडा इकडंतिकडं झालेला चालतो.

आणखी एक, जलरंग वाळल्यावर फिका पडतो. ओला असताना बरोबर वाटलेला टोन वाळल्यावर कमी पडणार, म्हणून जरा धीट लावा.

ऑक्टोबरपासून सुरुवात करा

लोक पावसाळ्यात सुरुवात करतात, कारण डोंगर तेव्हा देखणे असतात. नवख्यासाठी तो सगळ्यात अवघड काळ. ऑक्टोबर सोपा. पावसानं हवा धुतलेली असते, कडे स्पष्ट दिसतात, कागद माफक वेगानं वाळतो.

या महिन्यात हिरवा रंग मरायला लागतो. उतारावरचं गवत तुऱ्यावर येतं, त्यात तांबूस-सोनेरी झाक शिरते. भात पिकत असतं. माझ्या दुसऱ्या की तिसऱ्या ऑक्टोबरातली गोष्ट. मी बांधावर बसून खाचरं छान पोपटी रंगवत होतो. गवताचा भारा घेऊन चाललेल्या एक आजी थांबल्या, चित्राकडे बघितलं, खाचराकडे बघितलं. म्हणाल्या, “अवं, भात पिकाया लागलंय, तुमी आजून हिरवंच धरून बसलाय व्हय?” मी मान वर केली. खाचर पिवळं होतं. कडेला, पाण्याच्या पाटाजवळ, तेवढी हिरवी पट्टी उरलेली. दीड तास समोर बसून मी ऑगस्टमधलं खाचर रंगवत होतो.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली. ब्रश ओला करण्याआधी एका कागदाच्या कपट्यावर पाच शब्द लिहायचे: आकाश, कडा, उतार, झाडं, जमीन. प्रत्येकापुढं दिसतोय तो रंग, ट्यूबच्या नावानं नाही तर घरातल्या वस्तूच्या नावानं. ‘उतार: जुनी गोणपाटाची पिशवी.’ ‘खाचर: हळद घातलेलं ताक.’ हसू येईल, पण नावासाठी शब्द शोधताना डोळ्याला बघावंच लागतं.

ऑक्टोबरचा उतार: यलो ऑकरचा पातळ वॉश, तो ओला असतानाच खालच्या अंगाला लेमन यलो आणि सेरुलियनचा फिका हिरवा, वर बर्न्ट सिएनाचे दोन-तीन ठिपके. मिसळायचं काम पाण्यावर सोडा. हवा स्वच्छ असल्यानं लांबचा डोंगर पुढं येतो, तेव्हा त्याच्यावर कमी तपशील काढा. कड्यातल्या सगळ्या भेगा दिसल्या तरी तीनच काढा.

थंडी: नोव्हेंबर ते जानेवारी

दिवाळीच्या सुमारास कापणी उरकते आणि खाचरात खुंटं उरतात. गवत पार वाळून सोनेरी होतं. पहाटे इंद्रायणीच्या खोऱ्यात धुकं बसतं. पहिल्या लोकलनं गेलात तर डोंगराचा पाय गायब आणि माथा तरंगताना दिसेल. इथं कडा वरून खाली रंगवत या आणि खालची कड स्वच्छ पाण्याच्या ब्रशनं विरघळवा. साडेआठ-नऊला धुकं उडतं, म्हणजे हात चटचट चालवायला लागतो.

समोरचा कडा सावलीत आहे हे सांगितलंच. त्यासाठी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना. या दोघांचा करडा सह्याद्रीच्या दगडासाठीच असावा असा आहे: अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि खडकाचा पोत आपोआप येतो. थंडीत निळा थोडा जास्त, उन्हाळ्यात सिएना जास्त. काळा रंग लावलात तर तिथं भोक पडल्यासारखं दिसतं, म्हणून तो घरी ठेवायला सांगितला.

फाल्गुन आणि वणवे

फेब्रुवारी-मार्चमध्ये हवेत धूळ आणि धूर. दूरचा डोंगर निळा दिसायचा सोडून मातकट जांभळा होतो. तोच अल्ट्रामरीन घ्या, पण त्यात क्रिमसन आणि ऑकरचा थेंब टाका, भरपूर पाणी घाला. लोहगड मागे आणि विसापूर पुढे हा फरक आता फक्त पाण्याच्या प्रमाणानं दाखवायचा.

याच दिवसांत वणवे लागतात, बरेचसे लावलेले. पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं असं लोक सांगतात. मला तो प्रकार बघवत नाही, पण समोर आहे ते रंगवायला हवं. जळलेला भाग चौकोनी डागासारखा नसतो. आग उतारावरून वर चढते, कड्याला अडते, पायवाटेला थबकते. म्हणून काळ्या पट्ट्याची वरची कड कड्याच्या पायाशी सरळ आणि खालची फाटलेली. ताजा असेल तर अल्ट्रामरीन-सिएना घट्ट. पंधरवड्यानं तोच राखाडी होतो.

आणि त्या करड्यात लाल! पांगारा, पळस, काटेसावर. पानं गळालेली, नुसती फुलं. नवखे इथं हमखास घसरतात आणि डोंगरभर लाल ठिपके टाकतात. लांबून एखाद-दुसरंच झाड दिसतं. क्रिमसनमध्ये लेमन यलो मिसळून एकच ठिपका, शेवटी, कोरड्या कागदावर. त्याच्या आसपासचा करडा जितका शांत तितका तो पेटतो. नवी लाल-तांबूस पालवी आलेला कुसुंब तर लांबून फुललेलाच वाटतो. जवळ जाऊन खात्री करून घ्या.

एप्रिल-मे: रंग उडालेला डोंगर

ऊन असं की सगळं फिकट. बरेच जण या दिवसांत चित्रं थांबवतात, पण शिकायला हा काळ सोन्यासारखा आहे, कारण हिरव्याची कुबडी काढून घेतलेली असते. सकाळी सात ते नऊ बसा. उत्तरेच्या कड्यावर ऊन आलेलं असतं, कपारींच्या सावल्या स्वच्छ. मेच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा भर दुपारी डोंगर बिनसावलीचा, पत्र्यासारखा सपाट दिसतो. त्या वेळी आंब्याखाली डबा खावा.

अडचण कागदाची. वॉश दोन-तीन मिनिटांत वाळतो आणि कडा धारदार राहतात. लहान फवारा जवळ ठेवा, कागद मागूनपुढून ओला करून घ्या, आणि छोट्या आकारात काम करा. खाचरांत काळे चौकोन दिसतील, ते भाताच्या रोपांसाठी भाजलेले राब. डोंगराच्या वणव्याशी त्यांची गल्लत करू नका, यांच्या कडा बांधून घातल्यासारख्या असतात.

मेअखेरीस दुपारनंतर वळवाचे ढग चढतात. ढगाचं पोट गडद, माथा पांढरा. तो पांढरा म्हणजे कोरा कागद, रंग नव्हे. ढगाभोवतीचं आकाश रंगवा, ढग आपोआप उरेल. वीज दिसली की मात्र बोर्ड गुंडाळा आणि झाडाखालून निघा.

पावसाळा, म्हणजे हिरव्याचं प्रकरण

जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाले की उतारावर हिरवी लव येते. जमीन अजून तांबडी-काळी, ओली, गडद, आणि तिच्यावर ही लव. आधी बर्न्ट सिएनाचा वॉश, तो वाळला की वरून लेमन यलोत जेमतेम सेरुलियन घातलेला हिरवा, अर्धकोरड्या ब्रशनं. खालची माती मधूनमधून दिसायला हवी. हा टप्पा आठवडा-दोन आठवडेच टिकतो, चुकवू नका.

जुलैत सगळंच हिरवं, आणि तिथं तयार ट्यूब दगा देते. ट्यूबमधला हिरवा सगळीकडे एकसारखा लागतो, म्हणून डोंगर प्लास्टिकचा दिसतो. आपण निदान चार हिरवे बनवायचे. नुकतं लावलेलं भात: लेमन यलो भरपूर, सेरुलियन थोडा. उतारावरचं गवत: त्यातच ऑकर. झाडी: ऑकर आणि अल्ट्रामरीन. ओल्या कड्यालगतची गडद झाडी: अल्ट्रामरीन, लेमन यलो आणि बर्न्ट सिएनाचा टिपका. हे चारही कपट्यावर लावून, वाळवून, डोंगरासमोर धरून बघा. बहुतेक वेळा आपला हिरवा जास्त भडक निघतो. सिएना किंवा क्रिमसनचा कणभर घातला की तो जागेवर येतो.

ढग बहुतेक दिवस माथ्याखाली उतरलेला असतो, पठार दिसतच नाही. कागदाचा वरचा तिसरा भाग ओला करा. चकाकी जाऊन कागद नुसता दमट दिसायला लागला की कडा खालून वर रंगवत न्या आणि ओल्या भागात शिरला की ब्रश उचला. रंग स्वतःच विरतो. घाई केलीत, कागद चकाकत असतानाच रंग लावलात, तर तो वर आकाशात पळतो. उशीर केलात तर रेघ राहते. हा नेमका क्षण सांगून कळत नाही, आठ-दहा कागद वाया घालवावेच लागतात.

धबधबे मोजकेच ठेवा आणि कागद कोरा सोडून दाखवा. विसरलात तर शेवटी पांढऱ्या पोस्टर कलरची एक रेघ चालते, दोन चालत नाहीत. भाज्याच्या धबधब्यावर शनिवार-रविवारी जत्रा असते, म्हणून आडवारी जा.

पावसाळी हवेत वॉश अर्धा तास वाळत नाही. त्यात दुसरा थर घातला की फुलकोबीसारखे डाग फुटतात. उपाय असा की जागेवर फक्त पहिला थर द्यायचा आणि टोनचं रेखाटन करायचं, बाकी घरी. मोठी छत्री बोर्डाला बांधू नका. मी एकदा बांधली. वाऱ्यानं छत्री, बोर्ड आणि त्यावरचं दिवसाचं काम तिन्ही खाचरात नेलं, आणि लावणी करणाऱ्यांनी काम थांबवून ते बाहेर काढून दिलं. कागदावर चिखलाचा फार सुंदर करडा आला होता.

श्रावणात ऊन-पावसाचा खेळ. ढगाची सावली डोंगरावरून सरकते, पाच मिनिटांत उजळ उतार गडद होतो. पाठलाग करू नका. सावली कुठं ठेवायची ते एकदा ठरवा आणि मग डोंगर काहीही करो, तिला हलवू नका.

सप्टेंबर आणि कागदांची निगा

सप्टेंबरात पाऊस ओसरतो, सोनकी फुलते. लांबून एकेक फूल दिसत नाही, पण पठाराच्या कडेला हिरव्यात पिवळी झाक येते. ओल्या हिरव्यात लेमन यलोचा घट्ट थेंब सोडा. फुलं काढत बसू नका.

पावसाळ्यात कागद प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवले की बुरशीचे तांबूस ठिपके पडतात, आणि ते जात नाहीत. वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवा, कपाटाच्या वरच्या खणात, भिंतीपासून दूर. प्रत्येकाच्या मागे तारीख, वेळ, बसायची जागा आणि वापरलेले रंग लिहा. “१४ मार्च, सकाळी ८, धूर, निळा कमी पडला” एवढं पुरे.

पुन्हा ऑक्टोबर येईल तेव्हा पहिल्या वर्षीचा कागद सोबत न्या, आणि ट्रेसिंगसुद्धा. ते जसंच्या तसं वापरू नका. माझ्या आंब्याची फांदी वर्षात हातभर खाली आली होती, लोहगडाचं टोक तिनं झाकलं होतं. ती रेष खोडून नवी काढायला लागली.